मोठा कुकर

निलंग्याचे मारोतीराव पोरगा-पोरगी भेद मानत नाहीत, हे गल्लीनं त्यांच्याच तोंडून कैकदा ऐकलंय. दोन्ही लेकरांना त्यांनी डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातूरला एकाच खोलीत ठेवलं. स्वयंपाक तेवढा लुंबिनीकडे होता. यंदा तिचा नंबर थोडक्यात हुकला. भाऊ सुगत तर जवळपासही पोचला नाही. आता रिपीट एकट्या सुगतलाच करू देतील, या धाकानं तिला जेवण जाईना. पाहुणे म्हणाले, “पोरीचं लगीन उरका आता.” मारोतीराव कडाडले, “न्हाई! सुगत जाईल तर लुंबिनीबी जाईल.” लुंबिनी बापाच्या गळ्यात पडून रडली. लातूरच्या खोलीवर सामान लावताना त्यांनी पिशवीतून नवा कुकर काढला आणि पुस्तकं बाजूला सारून तिच्या टेबलावर ठेवला. “मोठा आणलाय बघ, माय. सुगतचे दोन दोस्तबी हितंच जेवतील, मेसचं सोसत न्हाई त्यांना. अभ्यास मात्र दोघांनीबी सारखाच करायचा.”