केक आणि यादी
“हसू नकोस, माझी नोकरी जाईल,” आस्टा थोर्किलवर खेकसली. “जाते कशाला, पोरी?” तिचा मुरलेला सहकारी थोर्किल म्हणाला. “चुकेल त्यानं केक आणायचा, विषय संपला. रोजचा बॅकअप मी स्वतः लावलाय.” संगणक कंपनीतल्या नवशिक्या आस्टानं ओडेन्स शहरातल्या एका शाळेचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरचा शाळेचा आभासी संगणक, चुकून उडवलं होतं, मुलांच्या वर्षभराच्या कामासकट. दुपारी तिच्या केकवर सगळे तुटून पडले. घास चघळत थोर्किलनं बॅकअपची यादी उघडली, तर त्यात ते मशीनच नव्हतं. नवीन मशीन आलं तेव्हा त्याच्यापुढे खूण करायची तोच विसरला होता, आणि रोज सकाळी ‘बॅकअप पूर्ण’चा निरोप वाचून खूश होत होता. “सापडलं?” आस्टानं विचारलं. “नसेल तर सोमवारपासून येऊ नकोस,” केक खायला आलेली त्यांची साहेबीण आस्टाला म्हणाली. “नाही सापडत,” थोर्किल ताटलीकडे बघत पुटपुटला. त्यानं जाकीट उचललं. “मला आता निघायला हवं, पोरगं बालवाडीत वाट बघतंय.”