दगडावरची पुंगळी
आमच्या गावाबाहेर मेलेल्यांना पुरून वर दगड उभा करतात आणि त्यावर त्यांच्या वस्तू ठेवतात. "त्यायले हात नोका लावू," मी गाडीतच बजावलं होतं. तरी जुनी काडतुसं जमवणाऱ्या चंद्रपूरच्या साहेबांनी एका दगडावरची पितळी पुंगळी उचललीच. बूड पुसून त्यांनी भिंग लावलं. "त्रेचाळीस साल! महायुद्धातलं! टोपी फुटलेली, आत दारू नाही. घाबरू नकोस, आता हे नुसतं पितळ." घाबरलो नव्हतो, चिडलो होतो. तेवढ्यात खांद्यावर कुदळ घेतलेली धुरपताबाई शेतातून आली. दगड तिच्या लेकाचा. मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेला, चौघांनी खाटेवर आणला. "ठेव तिथीच ते." "बाई, तुम्हाला याचा उपयोग काय? माझ्या कपाटात काचेमागे राहील," साहेब हसले. "फक्त पुढची गोळी नाही. ती असती तर नग पूर्ण झाला असता." बाईनं कुदळ त्यांच्या पायांपुढे टाकली. "गोळी खालीच हाये, माझ्या पोराच्या छातीत. खोद."