सहा नंबरची दोरी

गोकुळदासांनी माटोळीच्या चौकटीवरून पांढरी दोरी सोडवली आणि गुंडाळून विठ्ठलच्या हातात दिली. "ही यंदा नाका," ते म्हणाले.

विठ्ठलला आधी कळलंच नाही. चंदगडचा हा माणूस डिचोलीच्या वर्कशॉपातून सुट्टी काढतो, म्हापशाला बस बदलतो आणि चवथीच्या आदल्या दिवशी पेडण्याला येतो, तो गणपतीच्या डोक्यावरची ही माटोळी बांधायलाच. यंदाचं सोळावं वर्ष. खाली नारळांचे घोस, सुपारीचे घड, केळी, आंबाडे, रानातली फळं सगळी मांडून ठेवलेली, आणि दोरीच नको म्हणे!

गोकुळदासांनी केवणीच्या सालीची नवी दोरी आणली होती. कारण सांगताना ते विठ्ठलकडे बघत नव्हते. गौरवीची, त्यांच्या मुलीची, सोयरीक दोनदा जुळता जुळता मोडली होती. तिसरे लोक उद्या आरतीला येणार होते. कोणीतरी त्यांच्या मनात भरवलं होतं, की मेलेल्या माणसाच्या अंगावरची दोरी देवाच्या डोक्यावर टांगली तर दुसरं काय होणार? बापाचं काळीज, घाबरलं.

मेलेला माणूस म्हणजे त्यांचाच धाकटा भाऊ शांताराम, एकाहत्तरच्या युद्धात विठ्ठलबरोबर विमानातून उडी मारलेला. आणि गंमत बघा, मे महिन्यात गोवा राज्य झालं तेव्हा त्याच शांतारामची मरून रंगाची फौजी टोपी ताटात ठेवून हेच गोकुळदास समारंभात पहिल्या रांगेत बसले होते. टोपी चालली. ती पुढच्या रांगेतली होती ना!

शांतारामची बायको सुमंगला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दरवर्षी ती तिथूनच बघायची. विधवेनं माटोळीला हात लावायचा नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगावंही लागलं नव्हतं. पण आज ती पुढं आली.

"विठ्ठलभाऊ, बांधताना दरवर्षी सांगता ते सांगा," ती म्हणाली. "त्यांच्या अंगावर काय काय होतं?"

विठ्ठलला ते पाठ होतं. डोक्यावर लोखंडी टोप, हनुवटीखाली आवळलेला. मरून टोपी घडी करून अंगरख्याच्या आत, खाली उतरल्यावर घालायची, शत्रूला कळायला नको का कोण आलंय ते! पाठीवर मोठी हवाई छत्री. ती उघडली नाही तर म्हणून पोटावर धाकटी. रायफल अंगाला बांधलेली. गोळ्या, हातबाँब, खणायचं फावडं, पाण्याची बाटली, जखमेची पट्टी, दोन दिवसांची शंकरपाळी. उभं राहिलं की गुडघे वाकायचे, इतकं वजन.

"आणि खिशात?"

"सुपारी," विठ्ठल म्हणाला. "ह्याच घरच्या माटोळीची."

ती सुपारी तिनंच दिली होती, शांताराम शेवटच्या रजेवरून निघाला तेव्हा. गोकुळदासांनाही ते ठाऊक होतं. ते केवणीची दोरी उगाच उलगडत राहिले.

छत्री नीट उघडली आणि शांताराम सुखरूप उतरला. शेतात पाय टेकल्यावर त्यानं सुरीनं आपल्याच छत्रीची एक दोरी कापली आणि पिशवीत टाकली. दोर कधीही उपयोगी पडतो, म्हणाला. तिसऱ्या दिवशी नदीकाठी त्याला गोळी लागली. पिशवी विठ्ठलनं आणून दिली.

सुमंगलानं विठ्ठलच्या हातातून दोरी घेतली.

"ह्या दोरीनं त्यांना आभाळातसून जमिनीर सुखरूप आणलं, भावोजी. मारलं ते गोळीनं. माटोळीची सुपारी त्यांच्या खिशात चलली, मग त्यांची दोरी माटोळीक कित्याक चलना?"

"उद्या त्या लोकांनी विचारलं तर?"

"हेच सांगा. ऐकून उठून गेले तर जावंदी. तसल्या घरात आमची पोर द्यायची न्हय."

गोकुळदासांनी विठ्ठलकडे बघितलं. विठ्ठल चौकटीकडे बघत होता. गौरवी मागच्या खोलीतून स्टूल घेऊन आली, चौकटीखाली ठेवून तिनं ते हलतंय का बघितलं आणि बाजूला झाली. सुमंगलानं पदर खोचला. गोकुळदास तिचं नाव घेऊन थांबले, तोवर ती वर चढलीसुद्धा.

दोरी बांधून झाली की ती कशी तपासायची, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. विमानात उडीच्या आधी प्रत्येकजण आपल्या पुढच्या माणसाची पट्टी ओढून बघतो, त्याच्या पाठीवर थाप मारतो आणि स्वतःचा आकडा ओरडतो. मागून पुढं आकडे येत जातात. विठ्ठल सात नंबरला होता, त्याच्या पुढं सहाला शांताराम. दरवर्षी विठ्ठल दोरीला हिसका द्यायचा, सात नंबर ओके म्हणायचा आणि थांबायचा. पुढचा आकडा कधी आला नाही. मग तो गुपचूप पहिला नारळ उचलायचा.

सुमंगलानं गाठ मारली, दातानं धरून आवळली. विठ्ठलनं खालून दोन्ही हातांनी दोरी धरली आणि सगळं अंग टाकून ओढली. चौकट हलली नाही.

"सात नंबर ओके," तो म्हणाला आणि सवयीनं थांबला.

"सहा नंबर ओके," वरून सुमंगला म्हणाली.

मग खाली न बघताच तिनं हात लांब केला.

"भावोजी, नारळ."