तिरुक्करुगावूरचं तेल

सुप्रजाच्या पाठीवर, डाव्या बरगडीखाली, तीन चिरा होत्या. मधली दीड सेंटिमीटरची, बाजूच्या दोन जेमतेम अर्ध्या. मूत्रपिंडावरची ग्रंथी, तिच्यातल्या सुपारीएवढ्या गाठीसकट, तिथून बाहेर आली होती. पट्टी बदलताना तिच्या नवऱ्यानं, विश्वेशनं, पुन्हा वाकून पाहिलं.

"पोट न उघडता काढली. पूर्वी वीतभर कापायचे म्हणे."

"उघडलं नाही, पण उतरलंही नाही," सुप्रजा म्हणाली. गाठीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक पाझरत राहिलं होतं. त्यानं तिचं पोट फुगवलं, चेहरा गोल केला, पाळी थांबवली.

दार ढकलून शेजारच्या पंकजाअक्का आत आल्या. हातात छोटी बाटली.

"तिरुक्करुगावूरला गेले होते गं. गर्भ राखणाऱ्या अम्मन देवीच्या पायाशी ठेवलेलं एरंडेल आहे. कळा सुरू झाल्या की पोटाला लाव." त्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं. "आमच्यापासून लपवतेस होय? अख्ख्या गल्लीला दिसतंय. कितवा?"

विश्वेश काही बोलणार, तोच सुप्रजानं त्याचं मनगट धरलं.

"आत्ताच सांगता यायचं नाही, अक्का."

"अय्यो, दृष्ट लागेल म्हणून? बरं, नको सांगू. माझी दृष्ट काही एवढी वाईट नाही हं!" अक्का हसत निघून गेल्या.

"खरं का नाही सांगितलंस?" विश्वेशनं विचारलं.

सुप्रजानं बाटलीचं बूच काढलं, वास घेतला, पुन्हा घट्ट लावलं.

"मूल हवं असेल तर त्या देवळातून तूप आणतात. पोटात मूल असेल तर तेल. आठ वर्षं मला सगळ्यांनी तूपच आणून दिलं."

तेवढ्यात विश्वेशच्या फोनवर अहवाल आला. सकाळची स्टेरॉइडची गोळी घेण्याआधी तिनं रक्त दिलं होतं. कॉर्टिसॉलचा आकडा दोनच्या खाली आला तर आजार मुळापासून गेला, असं सर्जननी सांगितलं होतं. मग गाठीमुळे झोपी गेलेली उजवी ग्रंथी सावकाश जागी होईल, पाळी येईल, पुढचं पुढे बघू. वर राहिला, तर पुन्हा सगळ्या तपासण्या.

त्यानं फोन तिच्यापुढे धरला.

"तुम्हीच वाचा," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

सकाळचं कॉर्टिसॉल, शून्य पूर्णांक नऊ.