कोऱ्या पानाचा पत्ता

सोमवारी सकाळी अकरा वाजता, देशातील संकेतस्थळांची नावे नोंदवणाऱ्या कार्यालयात, म्हाताऱ्या घड्याळजीच्या दुकानाच्या नावावर सुनावणी झाली. वापरात नसलेले नाव मागेल त्याला द्यावे, असा नियम होता. आणि एका कंपनीने ते मागितले होते.

"दुकान बंद, संकेतस्थळाचं पान कोरं. नुसतं नाव अडवून बसलाय की, आजोबा!" कंपनीचा वकील हसला.

"धाकटा भाऊ भांडून गेला, साहेब. नंतर माझं घर बदललं, फोन बदलला. त्याला ठाऊक असलेला, याच नावावर चालणारा दुकानाचा ईमेल तेवढा उरलाय. नाव गेलं की तोही जाईल."

"आला कधी त्याचा निरोप?" अधिकारीबाईंनी विचारले.

"नाही. जाहिराती येतात. त्याही उघडून बघतो."

वकील खुशीत कागद आवरू लागला. घड्याळजीने मान खाली घातली.

बाईंनी निकाल दिला, "नाव वापरात आहे."