मालकाची तारीफ

परदेशात कायम राहण्याचा परवाना हातात पडताच त्याने बेकरीतला ॲप्रन सोडला आणि मालकाच्या टेबलावर टाकला.

"आता परत पाठवायची धमकी कुणाला देणार?"

मालक नुसता हसला. तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला.

"दादा, एअरपोर्टवरून बोलतोय! तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं. तुझ्याच मालकाने मला कामाला घेतलंय, परमिटसुद्धा त्यानेच काढून दिलं."

"अरे गाढवा, आधी मला विचारायचंस तरी!"

"विचारायचं काय त्यात? दर रविवारी आईला तूच तर सांगायचास, मालक म्हणजे देवमाणूस आहे म्हणून."

त्याने भट्टीच्या चटक्यांवरून शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या. मग टेबलावरचा ॲप्रन उचलून पुन्हा कमरेला बांधला.