वगळलेली घरं

अर्थशास्त्र विभागात आज सरांच्या नव्या संशोधनाचं सादरीकरण होतं. विभागाची क्लार्क म्हणून पडद्यावरचे तक्ते पुढे सरकवायला मी बसले होते.

"बायका नोकरीला लागल्या की घरातल्या म्हाताऱ्यांचे हाल होतात म्हणे!" सर म्हणाले. "आम्ही नऊशे घरं दिवसाउजेडी फिरलो. एकटं म्हातारं माणूस सापडलं जेमतेम चार घरांत. बाकी सगळा बागुलबुवा!"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "सर, ज्या घरांना कुलूप होतं, त्यांचं काय केलंत?"

"तीनदा गेलो. तिन्ही वेळा कुलूप दिसलं, तर ते घर वगळलं. घरात कुणी नसताना काय भिंतींना विचारायचं?"

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. वगळलेल्या घरांची यादी मीच टाइप केली होती आणि तिच्यात माझाही पत्ता होता. पर्समधली किल्ली मी मुठीत घट्ट धरली.



सासूबाई बाहेर पडल्या की घरचा रस्ता विसरतात, म्हणून रोज त्यांना आत ठेवून मी बाहेरून कुलूप लावते.